मागाची दोरी: कुठे निरगाठ, कुठे सरगाठ

मागच्या भागात ताणा मोजण्याबद्दल बोललो होतो. त्यावर एका ताईंनी विचारलंय, "घरी चार चौकटींचा छोटा माग बसवतेय. हेडल विकत घेऊ की बांधू? आणि दोरी कुठली आणू? दुकानदार दहा प्रकार पुढ्यात टाकतो." आजचा अख्खा भाग याच प्रश्नावर. ऐकताना आकडे हातातून निसटतात, म्हणून हा लेखी उतारा.

आधी हेडल म्हणजे काय

नवीन श्रोत्यांसाठी सांगते. ताण्याचा प्रत्येक धागा एका छोट्या डोळ्यातून ओवलेला असतो. तो डोळा आणि त्याला वर-खाली धरणारा दोरा किंवा तार, हे झालं हेडल. शेकडो हेडल एका चौकटीवर बसतात. पायाने पेडल दाबलं की चौकट हलते, तिच्यातले धागे वर किंवा खाली जातात, मध्ये वाट उघडते आणि त्या वाटेने धोटा पळतो. गावोगावी हेडलला वेगवेगळी नावं आहेत. तुमच्याकडे काय म्हणतात ते जरूर कळवा.

हेडल मुळात दोरीच आहे, हे लक्षात ठेवा. नागालँडच्या कमरेच्या मागावर आजही बायका एका काठीवर दोऱ्याचे फास घेत जातात आणि तेच त्यांचं हेडल. लोखंडी तारेचं हेडल हा पुढचा अवतार.

दोरीची दोन कामं

मागावर दोरी दोन अगदी उलट कामं करते. हेडलमधल्या दोरीने जागचं हलायचं नाही. आणि चौकट-पेडल जोडणारी दोरी आपल्याला हवी तेव्हा कमी-जास्त करता आली पाहिजे. म्हणून हेडलला निरगाठ, पेडलला सरगाठ. अर्धे घोटाळे इथेच होतात. हेडलची गाठ सरकली की तो डोळा शेजाऱ्यांपेक्षा वर किंवा खाली जातो. वाट उघडते तेव्हा तेवढा एक धागा मध्येच लोंबतो, धोटा त्याच्या चुकीच्या बाजूने जातो आणि कापडात सुटलेल्या धाग्याची उभी रेघ दिसते. धुवून, इस्त्री करून ती जात नाही. उलट पेडलच्या दोरीला घट्ट निरगाठ मारली, तर प्रत्येक नव्या ताण्याला कात्री घेऊन बसावं लागतं.

हेडल किती लागतील?

आता हिशेब. समजा ओढणी ३६ इंच रुंद आहे आणि इंचाला ४० धागे आहेत. म्हणजे १४४० धागे, म्हणून १४४० हेडल. काठाला धागे वाढवणार असाल तर तेवढी जास्त. साधी वीण दोन चौकटींवर होते, पण मग प्रत्येक चौकटीवर ७२० हेडल, म्हणजे इंचाला २०. एवढ्या गर्दीत हेडल एकमेकांना आणि धाग्यांना घासतात, धागा फुलारतो, तुटतो. तीच वीण चार चौकटींवर १-२-३-४ अशी ओवा. उचलताना १ आणि ३ एकत्र, २ आणि ४ एकत्र. आता चौकटीला ३६०, इंचाला फक्त १०. कापड तेच, घासणं कमी. बारीक सूत किंवा रेशीम असेल तर हे कराच.

कुठला माल?

सूत: घट्ट पिळाचा, गुळगुळीत, अनेकपदरी सुती दोरा हेडलसाठी छान. गाठ पक्की बसते, ताण्याला मऊ लागतो. पण सूत हवेतलं पाणी पितं. प्रमाण हवेत सुताच्या कोरड्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा त्यात असतो, पावसाळ्यात अजून जास्त. वाळत घालायची सुती दोरी भिजली की कशी ताठ होते, पाहिलंय ना? पीळ फुगतो आणि लांबी कमी होते. मागावर हेच झालं की चौकटी किंचित वर सरकतात. सगळी हेडल एकाच दोऱ्याची असतील तर ती मिळून हलतात, फारसं बिघडत नाही. निम्मी सुती, निम्मी नायलॉनची असतील तर जुलैत डोळे दोन पातळ्यांवर गेलेच म्हणून समजा.

नायलॉन: कोळ्यांच्या जाळ्याचा दोरा स्वस्त आणि मजबूत असतो, पण ताणला की लांबतो आणि सोडला की परत येतो. पेडल दाबलं की आधी दोरीच ताणली जाते, चौकट मागाहून हलते. शिवाय गुळगुळीत असल्याने गाठ निसटते.

पॉलिएस्टर: कमी ताणतो, ओलावा जेमतेम ०.४ टक्के धरतो. पेडलसाठी वेणीसारखी गुंफलेली पॉलिएस्टर दोरी घ्या. पिळाची दोरी वजनाखाली फिरते, गुंफलेली फिरत नाही. टोक कापल्यावर मेणबत्तीवर जरा वितळवलं की सुटत नाही. स्वीडनचा 'टेक्सॉल्व्ह' प्रकार याच धाग्याचा. त्याच्या दोरीत ओळीने भोकं असतात, हव्या त्या भोकात खुंटी अडकवायची, गाठच नाही.

तार: डोळा पक्का, आकार एकसारखा, गर्दीतही सरकते. पण जड, आवाज करणारी आणि कोकणच्या हवेत गंजणारी. गंजाचा डाग कापडावर उतरतो. घ्यायचीच तर स्टेनलेस घ्या.

सुतळी मात्र नको. तिची कुसं ताण्याला अडकतात.

दुकानात खात्री होत नसेल तर मीटरभर दोरी घरी आणा, पाच लिटर पाण्याचा कॅन रात्रभर टांगा, सकाळी मोजा. मग तीच भिजवून पुन्हा मोजा. जी कमीत कमी बदलली, ती मागाची.

घरी बांधायची तर

फळीवर एका रेषेत चार खिळे: दोन टोकांना १० इंच अंतराने, दोन मध्यभागी अर्धा इंच अंतराने. दोरा खालच्या खिळ्याला दुमडून दोन्ही पदर वर आणा, मधल्या पहिल्या खिळ्याला चिकटून गाठ, पदर दोन्ही बाजूंनी नेऊन दुसऱ्या खिळ्यापाशी गाठ, हा झाला डोळा. शेवटी वरच्या खिळ्यावर तिसरी. गाठ मारताना एकदा उजवा पदर डाव्यावर, मग डावा उजव्यावर. दोन्ही वेळा एकच बाजू केली तर ती गाठ सरकते.

डोळा फार लहान ठेवू नका. नवा ताणा जुन्याच्या टोकांना सांधून ओढून घेणार असाल, तर प्रत्येक सांध्याची गाठ त्या डोळ्यातून सुखरूप गेली पाहिजे.

एका हेडलला साधारण २७ इंच दोरा धरा. १४४० हेडलना जवळजवळ एक किलोमीटर दोरा आणि ४३२० गाठी! करमणूक म्हणून ठीक, पण पोटापाण्याचं विणकाम असेल तर हे दिवस मजुरीत धरा आणि मग विकतच्या हेडलची किंमत महाग वाटते का ते बघा.

पेडलची सरगाठ

चौकटीकडून येणाऱ्या फासाची दुहेरी कडी करा, म्हणजे पिशवीच्या पट्ट्याला टॅग अडकवतो तशी. पेडलकडच्या दोरीची दोन्ही टोकं त्या कडीतून वर काढा आणि कडी आवळा. टोकांना वर नुसती अर्धी गाठ. वजन आलं की कडी अजून आवळते. उंची बदलायची झाली की अर्धी गाठ सैल करा, कडी सरकवा, झालं. सगळी पेडल मोकळी असताना सर्व डोळे एका पातळीत दिसले पाहिजेत. पावसाळा लागताना आणि संपताना हे एकदा तपासा.

मधेच हेडल तुटलं तर

घाबरू नका, ताणा सोडू नका. त्याच जातीचा दोरा चौकटीच्या खालच्या दांडीला दुमडून अडकवा, शेजारच्या हेडलचा डोळा मोजपट्टी समजून त्याच उंचीवर गाठ, सुटलेला धागा मध्ये घेऊन दुसरी गाठ, आणि टोकं वरच्या दांडीला. पाच मिनिटांचं काम. ओवताना एखादा धागा राहून गेला असेल तरी हीच युक्ती. म्हणून मागाला कायम दहा-बारा तुकडे कापून बांधून ठेवावेत.

तर ताई, तुमच्यासाठी माझं उत्तर असं: हेडल पॉलिएस्टरची, सगळी एकाच प्रकारची, विकत घ्या. पेडलला गुंफलेली पॉलिएस्टर दोरी लावा. पण निदान वीस हेडल स्वतः बांधा. दुरुस्तीची वेळ येते तेव्हा ताण्यावर महिन्याची कमाई अडकलेली असू शकते, आणि त्या दिवशी हाताला ती गाठ माहीत असलेली बरी.

पुढच्या भागात फणी. तोवर विणत राहा!