घरावर निळी पाटी लागली, म्हणजे घर वाचलं का?

तर मंडळी, लंडनमध्ये ८७, हॅकफर्ड रोड या घरावर एक गोल निळी पाटी आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉग इथे १८७३-७४ मध्ये भाड्याने राहायचा. गंमत म्हणजे, तेव्हा तो चित्रकार नव्हताच! वीस वर्षांचा पोरगा, चित्रं विकणाऱ्या कंपनीत नोकरीला. पाटी लागली १९७३ मध्ये, म्हणजे शंभर वर्षांनी.

आता मुद्दा ऐका. नुसत्या पाटीमुळे घराला कायद्याचं संरक्षण मिळत नाही. या योजनेतली पहिलीच पाटी १८६७ मध्ये कवी बायरनच्या जन्मघरावर लागली, आणि १८८९ मध्ये ते घर पाडलं गेलं. संरक्षणासाठी इमारत सरकारी वारसा यादीत असावी लागते. म्हणून पाटी दिसली, की घर यादीत आहे का, तेही बघा.