इंजिन जवळपास तेवढेच, मग ताकद दुप्पट कशी?

धायरी फाट्यावर थोडा वेळ उभे राहिले, तर डोळे मिटूनही वाहने ओळखता येतात. रिक्षाचा आवाज खालच्या पट्टीतला, वेग घेणाऱ्या मोटारसायकलचा चढत जाणारा. "जास्त सीसी म्हणजे जास्त ताकद ना?" हा प्रश्न मुले आम्हाला नेहमी विचारतात. त्याचे उत्तर या आवाजातच आहे. पुण्यातल्याच एका कंपनीच्या दोन वाहनांवरून ते समजून घेऊ.

बजाज ऑटोला दुचाकी व तीनचाकी बनवण्याचा परवाना 1959 मध्ये मिळाला. स्कूटर आणि रिक्षांनंतर 1986 पासून कावासाकीच्या सहकार्याने मोटारसायकली आल्या. 2001 मध्ये पल्सर आली. 2007 मध्ये कंपनीने ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भागभांडवल घेतले. केटीएमचे नाव शर्यतींचे. 2001 ते 2019 या काळात डाकार शर्यतीचे मोटारसायकल गटातले सलग 18 विजय तिचे. 2012 मध्ये चाकणला बनलेली ड्यूक 200 भारतात विक्रीस आली. त्याच वर्षी बजाजने आरई60 हे छोटे चारचाकी वाहन दाखवले. पुढे त्याचे नाव 'क्यूट' झाले. कायद्याने ते मोटारगाडी नव्हे, तर 'क्वाड्रिसायकल'.

दोन्हींत एकच सिलिंडर. ड्यूकचे इंजिन सुमारे 200 सीसी, क्यूटचे 216. तरीही ड्यूकची शक्ती सुमारे 25 अश्वशक्ती, तर क्यूटची 13!

आता आणखी एक आकडा पाहू. ड्यूकची ही शक्ती मिनिटाला 10,000 फेऱ्यांना मिळते, क्यूटची 5,500 फेऱ्यांना. दर हजार फेऱ्यांमागे भागाकार केला, तर ड्यूकचे उत्तर 2.5 येते आणि क्यूटचे सुमारे 2.4. म्हणजे फरक जवळजवळ उरलाच नाही. सीसीवर मुख्यतः ठरतो तो एका ज्वलनाचा रेटा. शक्ती म्हणजे रेटा गुणिले सेकंदाला होणारी ज्वलने. चार धावांच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एक ज्वलन होते. म्हणून ड्यूकमध्ये सेकंदाला 83, तर क्यूटमध्ये 46 ज्वलने. आवाजाची पट्टी चढते ती यामुळेच.

मग क्यूटलाही 10,000 फेऱ्या का देऊ नयेत? कारण दट्ट्या प्रत्येक फेरीत दोनदा थांबतो आणि पुन्हा वेग घेतो. त्यासाठी लागणारे बल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. फेऱ्या 1.8 पट केल्या, की बल 3.3 पट होते! म्हणून ड्यूकच्या सिलिंडरचा व्यास 72 मिलिमीटर, पण दट्ट्याची धाव फक्त 49 मिलिमीटर ठेवली आहे. धाव आखूड असली, की दट्ट्याचा वेग आटोक्यात राहतो. व्यास मोठा असला, की झडपांना जागा मिळते. जास्त फेऱ्यांबरोबर घर्षण, उष्णता आणि झीजही वाढते.

क्यूटचे काम निराळे. चालकासह चार माणसे घेऊन चौकाचौकात थांबत निघायचे. तिला कमी फेऱ्यांतच चांगला रेटा हवा; कमाल वेग ताशी 70 किलोमीटर पुरतो.

वर्गात मुलांना घरच्या दुचाकीच्या माहितीपुस्तिकेतून कमाल शक्ती आणि ती कोणत्या फेऱ्यांना मिळते, हे दोन आकडे आणायला सांगावेत. भागाकार करून उत्तरे सीसीप्रमाणे मांडली, तर नियम त्यांना स्वतःच सापडेल. गाडी घेताना केवळ अश्वशक्तीच्या आकड्याला भुलू नये, हेही त्यातून कळेल.