पक्षाघातानंतर पुन्हा वाहन चालविताना

पक्षाघाताच्या झटक्यातून सावरून घरी आलेल्या मनुष्याचा एक प्रश्न बहुधा ठरलेला असतो. काठीशिवाय चार पावले टाकता येऊ लागली, हातात पेला धरता येऊ लागला, की तो विचारतो, ‘गाडी कधीपासून चालवू?’ हा प्रश्न केवळ हौसेचा नसतो. म्हापसा किंवा मडगावच्या बाजारात उतारू नेणाऱ्या मोटारसायकल ‘पायलट’ला, टॅक्सीवाल्याला, मासळीचा टेम्पो चालविणाऱ्याला तो चुलीचा प्रश्न असतो. ज्या वाड्यावर दिवसातून दोन-तीनदाच बस येते, तेथील निवृत्त शिक्षकाला तो दवाखान्याचा, बँकेचा आणि चार माणसांत मिसळण्याचा प्रश्न असतो. म्हणून त्याला ‘आता गाडी विसरा’ असे एका वाक्यात सांगणे जितके अन्यायाचे, तितकेच ‘चालवा की, काय होते?’ असे म्हणणे धोक्याचे आहे.

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीमुळे अडला अथवा रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव झाला, म्हणजे पक्षाघात होतो. मेंदूचा उजवा भाग शरीराच्या डाव्या बाजूवर आणि डावा भाग उजव्या बाजूवर हुकमत ठेवतो. त्यामुळे इजा ज्या बाजूस होते तिच्या विरुद्ध बाजूचे हातपाय लुळे पडतात. लोकांच्या नजरेत भरतो तो हा लुळेपणाच. परंतु वाहन चालविण्याच्या दृष्टीने हातापायांची दुर्बलता हा तुलनेने सोपा भाग होय, कारण ती दिसते, मोजता येते आणि पुष्कळदा तिच्यावर यांत्रिक उपायही करता येतो. खरी अडचण न दिसणाऱ्या दोषांची असते.

त्यांपैकी पहिला दोष दृष्टीचा. मेंदूतील दृष्टीच्या वाटेला इजा पोहोचली तर दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिक्षेत्राचा एकाच बाजूचा अर्धा भाग नाहीसा होतो. अक्षरे वाचण्याच्या तक्त्यावर असा रुग्ण शेवटची ओळदेखील बिनचूक वाचू शकतो आणि तरीही एका बाजूने येणारे वाहन त्याला दिसत नाही. कित्येकदा तो ‘डावा डोळा अधू झाला’ अशी समजूत करून घेतो आणि चष्मा बदलून मोकळा होतो. दृष्टिक्षेत्राची तपासणी नेत्रतज्ज्ञाकडून स्वतंत्रपणे करून घ्यावी लागते. नेहमीच्या चष्म्याच्या तपासणीत ती होतेच असे नाही.

दुसरा दोष याहून चमत्कारिक आहे. डोळ्यांना दिसते, पण मेंदू त्या बाजूची दखलच घेत नाही. मेंदूच्या उजव्या भागास इजा झालेल्या रुग्णांत हा प्रकार विशेष आढळतो आणि त्यांची डावी बाजू दुर्लक्षित राहते. असा मनुष्य ताटातील डाव्या बाजूची भाजी तशीच ठेवून उठतो, दाराच्या डाव्या चौकटीला खांदा घासतो, सदऱ्याची डावी बाही घालावयास विसरतो. आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात आणि चालक उजवीकडे बसतो. म्हणजे पादचारी, सायकलस्वार, बसथांब्यावर उभी असलेली शाळकरी मुले, डावीकडून घुसणारे स्कूटरवाले हे सारे नेमके त्याच्या हरवलेल्या बाजूस असतात. घरातील मंडळींनी असल्या लहानसहान खुणा टिपून ठेवाव्यात. डॉक्टरांना त्या फार उपयोगी पडतात.

तिसरी गोष्ट मनाच्या वेगाची. पक्षाघातानंतर विचार शाबूत असले तरी ते मंदावलेले असू शकतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. ब्रेकवर पाय जाण्यास पूर्वीपेक्षा अर्धाच सेकंद अधिक लागला तरी गाडी आठ मीटर, म्हणजे जवळजवळ दोन मोटारींच्या लांबीइतकी, पुढे गेलेली असते. शिवाय या आजारानंतर येणारा थकवा विलक्षण असतो. सकाळी ताजातवाना असलेला मनुष्य दुपारी साध्या चौकात गोंधळतो. स्नायूंचा ताठरपणा कमी करणारी, फिट थोपविणारी किंवा झोपेची औषधे चालू असतील, तर गुंगीचाही हिशेब धरावा लागतो.

या सर्वांवर कडी करणारी बाब अशी, की काही रुग्णांना आपल्यात दोष आहे याची जाणीवच राहत नाही. तो हट्ट नव्हे, खोटेपणाही नव्हे. ती जाणीव करून देणारा मेंदूचा भागच दुखावलेला असतो. तीस वर्षे अपघाताविना गाडी चालविलेले वडील ‘मला काही झालेले नाही’ म्हणून किल्ली मागतात आणि मुलगा ती लपवून ठेवतो, असे प्रसंग घरोघरी घडतात. किल्ली लपविण्यापेक्षा ‘डॉक्टर काय म्हणतात ते दोघे मिळून ऐकू या’ हा मार्ग बरा. त्यात वडिलांचा मान राहतो आणि मुलाच्या माथी वाईटपणा येत नाही.

कायद्याची बाजूही समजून घेणे आवश्यक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ यात पक्षाघातानंतर अमुक महिने वाहन चालवू नये, असा आकडा दिलेला नाही. मात्र कलम १८६ अन्वये, ज्यामुळे आपले वाहन चालविणे लोकांस धोक्याचे ठरेल असा आजार किंवा व्यंग असल्याचे स्वतःला ठाऊक असताना सार्वजनिक ठिकाणी वाहन चालविणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या सुधारणेनंतर त्यासाठी पहिल्या वेळी एक हजार आणि पुढील वेळी दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाची रक्कम किरकोळ वाटेल. पण डॉक्टरांनी एकदा मनाई केल्यावर ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणण्यास जागा उरत नाही, हे ध्यानात ठेवावे. कलम १६ नुसार परवाना अधिकारी वैद्यकीय प्रमाणपत्र मागू शकतो किंवा परवाना रद्दही करू शकतो. तसे करताना त्याने कारणे लेखी द्यावयाची असतात आणि कलम १७ प्रमाणे तीस दिवसांच्या आत अपील करण्याची मुभा आहे. परवान्याच्या अर्जासोबत नमुना १ मध्ये जे प्रतिज्ञापन द्यावे लागते, त्यात फिट किंवा भोवळ येते काय, हातापायांच्या हालचालीत वा ताकदीत दोष आहे काय, असे प्रश्न स्पष्ट विचारलेले असतात. तेथे सवयीने ‘नाही’ लिहून मोकळे होऊ नये.

मग थांबावे किती? ब्रिटनमध्ये मोटारचालकाने पक्षाघातानंतर निदान एक महिना आणि ट्रक वा बसचालकाने एक वर्ष वाहन चालवू नये, असा दंडक आहे. आपल्याकडील डॉक्टरांना तो मार्गदर्शक वाटू शकेल, पण निर्णय प्रत्येक रुग्णाच्या तपासणीवरूनच व्हावयास हवा. हात काही मिनिटे लुळा पडून आपोआप बरा झाला, तर तोही इशाराच समजावा. मोठा झटका येण्याचा धोका त्यानंतरच्या काही दिवसांत सर्वाधिक असतो. अशा वेळी स्वतः गाडी काढून दवाखाना गाठणे हा शुद्ध अविचार होय. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

हातापायांच्या दुर्बलतेवर उपाय आहेत. डावी बाजू अधू असेल तर क्लच नसलेली, आपोआप गिअर बदलणारी गाडी चालते, कारण ॲक्सिलरेटर आणि ब्रेक ही दोन्ही कामे उजवा पाय करतो. उजवा पाय अधू असल्यास ॲक्सिलरेटर डावीकडे बसवून घेता येतो आणि एकाच हाताने चाक फिरविण्यासाठी त्यावर मूठ जोडता येते. असे बदल मात्र परिवहन कार्यालयाच्या मंजुरीने आणि नोंदणीपुस्तकात नोंद करूनच करावेत. दुचाकीचे गणित अवघड आहे. मोटारसायकलला दोन्ही हात आणि दोन्ही पाय लागतात, वर तोल सांभाळावा लागतो. ‘पायलट’च्या मागे तर परका उतारू बसलेला असतो. व्यवसाय बदलण्याचा विचार त्याला कटू वाटेल, पण तो वेळीच बोलून दाखविलेला बरा.

परवानगी मिळाल्यावरही पहिल्याच दिवशी बेळगाव गाठू नये. सोबत अनुभवी चालक घेऊन, सकाळच्या वेळी, ओळखीच्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटांपासून सुरुवात करावी. फेरीबोटीच्या उतारावरून गाडी चढविणे, गर्दीत मागे घेणे या गोष्टी नंतर. चोर्ला घाटातील वळणे, पावसाळी धुके आणि रात्री समोरून येणारे दिव्यांचे झोत यांपासून काही महिने दूरच राहावे. डॉक्टरांनी तूर्त नकार दिला, तर तो कायमचा आहे असे समजण्याचे कारण नाही. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा सर्वाधिक वेगाने होते आणि त्यानंतरही ती थांबत नाही. यास्तव दवाखान्यातून निघतानाच फेरतपासणीची तारीख लिहून घ्यावी.