स्वीडिश भाषेतील स्वरदीर्घत्व व सूर
स्वीडिश भाषेतील स्वरदीर्घत्व व सूर : आघातयुक्त अक्षरातील स्वराची लांबी, वागिंद्रियांची हालचाल आणि सुराचा चढउतार यांचा परस्परसंबंध. हे तिन्ही घटक एकाच अक्षरात एकवटत असल्यामुळे सूर आणि दीर्घत्व परस्परावलंबी असावेत, असा समज होतो. तो अंशतःच खरा आहे.

आघातयुक्त अक्षरात एकतर स्वर दीर्घ व पुढील व्यंजन ऱ्हस्व असते, किंवा स्वर ऱ्हस्व व व्यंजन दीर्घ असते. उदा., ‘ताऽक’ (छत) व ‘तक्क’ (आभार). मात्र हा भेद केवळ कालमानाचा नाही. दीर्घ ‘आ’ उच्चारताना जीभ मागे जाते व ओठ किंचित गोलावतात. ऱ्हस्व स्वरात ती पुढे राहते. मराठी भाषकाला अ–आ या भेदाची येथे आठवण होईल. काही स्वरजोड्यांत तर हा गुणभेदच कालमानापेक्षा निर्णायक ठरतो. ब्यर्न लिंडब्लूम यांनी १९६३ मध्ये स्वीडिश स्वरांच्या ध्वनिलेखांवरून असे दाखविले, की स्वराला मिळणारा अवधी घटला, तर जीभ व जबडा अपेक्षित स्थानी पोहोचण्यापूर्वीच पुढील व्यंजनाकडे वळतात.

सुराचे दोन प्रकार आहेत. ‘आन्देन’ हा शब्द पहिल्या सुरात ‘ते बदक’ व दुसऱ्या सुरात ‘तो आत्मा’ असा अर्थ देतो. अशा जोड्या सु. ३५० आहेत. स्टॉकहोमच्या बोलीत दुसऱ्या सुराची दोन शिखरे ऐकू येतात. येस्टा ब्रूस यांनी १९७७ मध्ये असे सिद्ध केले, की यांतील दुसरे शिखर वाक्यातील भर दर्शविते. शब्दसुरांतील खरा भेद उतार केव्हा सुरू होतो यात आहे. पहिल्या सुरात तो लवकर, तर दुसऱ्यात उशिरा येतो.

‘आन्देन’मधील स्वर दोन्ही अर्थी ऱ्हस्व आहे, तर ‘ब्यूऽरेन’ (‘तो पिंजरा’ व ‘वाहून नेलेला’) या जोडीत तो दोन्ही अर्थी दीर्घ आहे. म्हणजे कोणताही सूर कोणत्याही लांबीबरोबर येऊ शकतो. संबंध आहे तो जागेचा : स्वरतंतू कंप पावत असेपर्यंतच सूर ऐकू येतो. ऱ्हस्व स्वरामागून दीर्घ अघोष व्यंजन आले, की उताराला अवकाश अपुरा पडतो. त्याचा उर्वरित भाग पुढील अक्षरात जातो किंवा छाटला जातो. फिनलंडमधील बहुतेक स्वीडिश बोलींत सुराचा हा भेद नाही. स्वरदीर्घत्वाचा भेद मात्र तेथेही अर्थभेदक आहे.