उलटा टी तरंग आणि शमलेला हृत्शूल

ईसीजीचा कागद आता खानदेशात दुर्मिळ राहिलेला नाही. जळगाव-धुळे जिल्ह्यांतील वैद्यबंधूंकडे तो बहुधा रुग्णच पिशवीतून काढून देतो. वरच्या कोपऱ्यात यंत्राने ‘टी वेव्ह इन्व्हर्शन’ असे छापलेले असते आणि रुग्ण विचारतो, “डॉक्टरसाहेब, हाई काय शे?” या प्रश्नाचे उत्तर ‘काही नाही’ आणि ‘झटका आला’ या दोन टोकांमध्ये कोठेतरी असते.

निलयांची उत्तेजना आतील स्तराकडून बाहेरील स्तराकडे जाते. पूर्वस्थितीला परतणे मात्र बाहेरील स्तरापासून सुरू होते. दिशा उलट आणि विद्युत्भारही उलट, म्हणून टी तरंग सामान्यतः मुख्य तरंगाच्याच बाजूस उमटतो. परतीचा हा क्रम बिघडला की टी उलटतो. बिघडविणारी कारणे मात्र अनेक आहेत. उलटा टी हे लक्षण आहे, व्याधी नव्हे.

एव्हीआर लीडमध्ये तो उलटाच असावयाचा. केवळ व्ही-१ किंवा तिसऱ्या लीडमधील उलटेपणास सहसा महत्त्व नाही. बालकांत व्ही-१ ते व्ही-३ पर्यंत टी उलटा असतो व काही तरुण स्त्रियांत तसाच राहतो. दीर्घकाळ अनियंत्रित रक्तदाबाने डावा निलय जाड झाला, तर व्ही-५, व्ही-६ मध्ये तिरका उतरणारा उलटा टी दिसतो. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा-यावल-शिरपूरकडे, सिकलसेलग्रस्त आदिवासी रुग्णाच्या व्ही-१ ते व्ही-३ मध्ये तो आढळल्यास फुप्फुसधमनीतील वाढलेल्या दाबाचाही विचार करावा.

आमचा आग्रह आहे तो एका विशिष्ट चित्राविषयी. रुग्णाच्या छातीत कळ येऊन गेलेली असते. शंखवटी, सोडा, हिंग्वाष्टक काहीतरी घेतले व बरे वाटले, असे तो सांगतो. ईसीजी काढला जातो तो वेदना नसताना, आणि व्ही-२, व्ही-३ मध्ये खोल, दोन्ही बाजूंनी सारखा उलटा टी दिसतो. क्वचित आधी वर व मग खाली जाणारा. हॉलंडमधील वेलेन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली याचे वर्णन केले. अस्थिर हृत्शूलाच्या १४५ रुग्णांपैकी २६ जणांत हे चित्र होते. त्यांतील शस्त्रक्रिया न झालेल्या १६ पैकी १२ जणांना, वेदना आटोक्यात असूनही, काही आठवड्यांत हृदयाच्या अग्रभित्तीचा मोठा झटका आला. डाव्या हृद्धमनीच्या पुढून उतरणाऱ्या शाखेच्या आरंभीच मोठा अवरोध असतो; तो तात्पुरता थोडा मोकळा होतो, म्हणून कळ थांबते. श्रेय मात्र शंखवटीला मिळते! पुन्हा कळ आली की हाच टी सरळ झालेला दिसू शकतो. ती सुधारणा समजू नये. ट्रोपोनिन प्राकृत असले तरी निश्चिंत होऊ नये. अशा रुग्णास ट्रेडमिल चाचणीला पाठविणे घातक आहे. जुना ईसीजी असल्यास सोबत जोडून त्याच दिवशी अँजिओग्राफीची सोय असलेल्या रुग्णालयात धाडावे.

वासंतिक वमनाच्या शिबिरांत हा प्रश्न थेट आपल्या दारी येतो. चरकाचार्यांनी सिद्धिस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात हृद्रोग्यास अवम्य म्हटले आहे. तेव्हा चाळिशीपुढील, मधुमेही वा तंबाखू खाणाऱ्या इच्छुकाचा ईसीजी स्नेहपानापूर्वी पाहणे हे शास्त्राज्ञेचेच पालन होय. ‘अम्लपित्त’ म्हणून आलेल्याची कळ चालल्यावर वाढते का, हेही विचारावे.

औषधालयचालकांसाठी ज्येष्ठमधाविषयी थोडे. वमनात पाजलेला यष्टीमधु फांट बहुतांशी बाहेर पडतो. त्याची चिंता अल्प. चिंता आहे ती महिनोन्महिने रोज घेतलेल्या चूर्णाची. ज्येष्ठमधातील ग्लिसिऱ्हायझिनमुळे मूत्रपिंडावर कॉर्टिसॉलचा प्रभाव वाढतो, सोडिअम साठते, रक्तदाब चढतो व पोटॅशिअम मूत्रावाटे जाते. टी प्रथम सपाट होतो, कधी उलटतो, मागे यू तरंग उमटतो. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात पोटॅशिअम कमी कसे पडेल, असे कोणी हसून विचारील; परंतु मूत्रपिंडच ते टाकू लागले की ताटातले केळे पुरत नाही. रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असलेल्या गिऱ्हाइकास ज्येष्ठमध चूर्णाचा पुढचा डबा देण्यापूर्वी त्याच्या वैद्यास विचारून घ्यावे.