तांब्यातल्या तीस फटी

संपादकांनी विषय दिला तो एका वाक्यात : संगणकाच्या पोटात पाणी खेळवतात म्हणे, बघून या. पाणी बघायला म्हणून मी भोसरीला गेलो, आणि तांबं बघून परतलो.

निमित्त माझ्या भाच्याचं. तो ॲनिमेशनची कामं घेतो. त्याच्या संगणकात इंटेलचा तेराव्या पिढीचा आय-नाइन प्रोसेसर आहे. तो पूर्ण जोरात चालला की २५३ वॅटपर्यंत वीज खातो, आणि खाल्लेली सगळी वीज शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते. घरातली इस्त्री हजार वॅटची असते, तिच्यापुढे २५३ म्हणजे काहीच नाही, असं मलाही वाटलं होतं. पण इस्त्रीची उष्णता तळहाताहून मोठ्या तव्यावर पसरते; चौरस सेंटीमीटरमागे पाच-सहा वॅट. चिप मात्र जेमतेम अडीच चौरस सेंटीमीटरची, म्हणजे तिथे हाच हिशेब शंभर वॅटवर जातो. तापमान १०० अंशांना टेकलं की प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो, आणि रात्रभराचं काम दुपारपर्यंत लांबतं.

यावर उपाय म्हणजे वॉटर ब्लॉक. तांब्याची पाटी प्रोसेसरवर घट्ट बसवायची, तिच्या पाठीवरून पाणी फिरवायचं, ते रेडिएटरमध्ये नेऊन निववायचं आणि परत आणायचं. तयार ब्लॉक बाजारात मिळतात. भाच्याला स्वतःचा करायचा होता. तीन आठवडे संगणकावर ड्रॉइंग काढून तो भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपमध्ये गेला. तिथे मिलिंगवर तीस वर्षं उभे असलेले एक कारागीर आहेत. त्यांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही तेच म्हणतो.

पाण्याने संगणक निववणं नवं नाही. आयबीएमने १९८० साली आणलेल्या ३०८१ या संगणकात चिपांवर ॲल्युमिनियमचे दट्टे स्प्रिंगने टेकवले होते आणि त्यांच्या डोक्यावर पाण्याची थंड पाटी होती. पुण्यात आयसरमधला ‘परम ब्रह्म’ महासंगणकही पाण्यावरच थंड राहतो. पण या विद्येतला खरा टप्पा १९८१ चा. स्टॅनफर्डमध्ये डेव्हिड टकरमन आणि फेबियन पीज यांनी सिलिकॉनमध्येच ५० मायक्रॉन रुंद आणि सुमारे ३०० मायक्रॉन खोल चर खोदले, त्यांतून पाणी सोडलं आणि चौरस सेंटीमीटरमागे ७९० वॅट उष्णता काढून दाखवली.

हे साधलं ते चरांच्या अरुंदपणामुळे. पाणी मुळात उष्णता भरपूर पोटात घेतं. मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल, तर २५० वॅट घेऊनही ते एक अंशसुद्धा तापत नाही. अडचण आहे ती उष्णता पाण्यापर्यंत पोचवण्याची. वाहत्या पाण्याचा भिंतीलगतचा थर जवळजवळ जागचा हलत नाही, आणि पाणी स्वतः उष्णतेचं वाईट वाहक आहे. तांबं त्याच्या सहाशे पटींहून चांगलं. फट अरुंद केली की उष्णतेला पाण्यातून कापावं लागणारं अंतर कमी होतं. शिवाय भिंती वाढतात. भाच्याच्या ड्रॉइंगमध्ये ३० मिलिमीटर लांबी-रुंदीच्या चौकोनात अर्ध्या मिलिमीटरच्या तीस फटी होत्या, तीन मिलिमीटर खोल. नऊ चौरस सेंटीमीटरच्या जागेत चोपन्न चौरस सेंटीमीटर भिंती.

काकांनी ड्रॉइंग पाहिलं आणि एकच प्रश्न विचारला, “बाळा, चकतीला आत शिरायला वाट कुठंय?”

भाच्याने फटी पाटीत खोलगट खड्डा करून त्यात दाखवल्या होत्या. अर्ध्या मिलिमीटरचं एंडमिल घालून तीन मिलिमीटर खोल जायचं, तर ते तांब्यात टिकत नाही. फटी पाडायच्या त्या स्लिटिंग सॉने : ६३ मिलिमीटर व्यासाची, अर्धा मिलिमीटर जाडीची, दातेरी पोलादी चकती. चकती गोल. तीन मिलिमीटर खोल उतरायला तिला दोन्ही टोकांना तेरा-तेरा मिलिमीटर मोकळी जागा लागते. चौकोनी खड्ड्यात ती मावणारच नाही. काकांनी खडूने टेबलावर आकृती काढली. खड्डा खोदण्याऐवजी आजूबाजूचं तांबं उतरवायचं आणि मधे ओटा ठेवायचा. चकती ओट्याच्या या कडेने येईल, त्या कडेने निघून जाईल. खड्डा करायचा तो वरच्या ॲक्रिलिकच्या झाकणात. एवढ्या एका बदलाने अख्खं ड्रॉइंग उलटं झालं, आणि करता येण्याजोगं झालं.

त्या संध्याकाळी मी मशीनपाशीच उभा राहिलो. “लोखंड तुटून येतं, तांबं चिकटून येतं,” काका म्हणाले. ओलं पीठ हाताला चिकटावं तसं तांबं सॉच्या दातांना धरतं, फट भरते आणि चकती अडकते. म्हणून एका दमात खोल जायचं नाही. तेल सोडायचं, थोडं उतरायचं, ब्रशने चुरा काढायचा, पुन्हा उतरायचं. एक फट झाली की तिच्यात ते अर्ध्या मिलिमीटरची फीलर गेजची पट्टी घालून ठेवत. शेजारची फट कापताना मधलं पातं कलू नये म्हणून. डोळे कामावर होतेच, पण लक्ष कानात होतं. आवाज जरा जाड झाला की हात फीडवरून निघे. बाविसाव्या फटीत तो निघायला क्षणभर उशीर झाला. चकती तडकली आणि एक पातं मुळातून उपटून आलं. काकांनी मशीन बंद केलं, हात पुसले आणि नवा तुकडा व्हाइसमध्ये धरला. पहिल्या फटीपासून सुरुवात.

दुसरी पाटी पूर्ण झाल्यावर त्यांनी ती ट्यूबलाइटसमोर आडवी धरली. तीस बारीक उजेडाच्या रेघा. “उजेड जातो तिथनं पाणी जाईल.”

मला वाटलं, काम झालं. खरं तर कटकटी इथून सुरू झाल्या. पाटीची खालची बाजू सपाट दिसत होती. निळा रंग लावून सरफेस प्लेटवर टेकवली, तर रंग फक्त कडांवर उठला. मध्यभाग खोल होता, आणि चिप नेमकी मध्यभागी असते. काचेवर पॉलिश पेपर ठेवून, चारशेपासून बाराशे नंबरपर्यंत, भाचा दोन दिवस पाटी घासत होता. झाकणाचा पहिला तुकडा नळीची फिटिंग आवळताना आट्यांपाशी चिरला. ओ-रिंगची खाच एके ठिकाणी उथळ निघाली आणि टिश्यू पेपरवर रात्रभर ठेवलेल्या ब्लॉकखाली सकाळी ओला डाग होता. तो थेंब संगणकात पडला असता तर काय, या विचाराने मीच हादरलो. रेडिएटर ॲल्युमिनियमचा स्वस्त मिळत होता, काकांनी तो घेऊ दिला नाही. एकाच पाण्यात तांबं आणि ॲल्युमिनियम आलं की ॲल्युमिनियम झिजून जातं.

ब्लॉक अखेर बसला. प्रोसेसर रात्रभर चालून शंभराच्या बराच खाली राहिला. पण माझी काळजी वेगळीच आहे. फट अरुंद तितकी गुणी, हे खरं. पण एका फटीतून तेवढंच पाणी न्यायचं आणि रुंदी अर्धी करायची, तर दाब आठपट लागतो. म्हणून भाच्याने पाणी मधोमध सोडून दोन्हीकडे वाटलं. वाट निम्मी, पाणी निम्मं, विरोध चौथाई. तरी शेवटी अरुंद फट म्हणजे गाळणीच. पाण्यात जे जे असेल ते तिथेच अडकणार. आठ महिन्यांनी तापमान हळूहळू चढायला लागलं. मऊ नळीच्या प्लॅस्टिकमधलं द्रव्य पाण्यात उतरून साचलं होतं.

आम्ही ब्लॉक उघडून पुन्हा भोसरीला नेला. काकांनी तो ट्यूबलाइटसमोर धरला आणि भाच्याला मोजायला सांगितलं. सव्वीस रेघा. त्यांनी ड्रॉवरमधून पातळ पट्टी काढली, बुजलेल्या एकेका फटीतून अलगद ओढली, प्रत्येक वेळी फडक्याला पुसली. मग पाटी भाच्याच्या हातात दिली.

“आता मोज.”

तो बराच वेळ मोजत होता.