वेग आणि नोंदींची सुरक्षितता

संगणकावर जतन केलेली गुणपत्रके व दाखले वीज अचानक गेल्यावर शाबूत राहतील का, हे बव्हंशी फाइल प्रणालीच्या मांडणीवर अवलंबून असते. लिनक्समध्ये २००८ साली स्थिरावलेली ‘ईएक्सटी४’ ही प्रणाली याबाबत तीन पर्याय देते.

हिशेबात खतावणीपूर्वी रोजकीर्द लिहितात, तशी ही प्रणाली बदलांची आगाऊ नोंद ‘जर्नल’मध्ये करते. ‘जर्नल’ याच नावाच्या पर्यायात मजकूर व त्याची रचनाविषयक माहिती, दोन्ही आधी तेथे आणि मग मूळ जागी लिहिली जातात. सुरक्षितता वाढते, पण लेखन दुप्पट होते. ‘ऑर्डर्ड’ या एरवी लागू असणाऱ्या पर्यायात केवळ रचनेची नोंद होते, मात्र मजकूर तिच्याआधी डिस्कवर पोहोचतो. ‘राइटबॅक’मध्ये हा क्रम पाळला जात नाही, वेग वाढू शकतो, परंतु वीज गेल्यास फाइलमध्ये जुनाच मजकूर आढळू शकतो.

जर्नल सामान्यतः दर ५ सेकंदांनी डिस्कवर कायम होते. हा अवधी वाढविल्यास डिस्कवरील भार घटतो, पण गमावण्याजोगे कामही वाढते. याउलट ‘नोएटाइम’ने फाइल शेवटी केव्हा वाचली, एवढीच नोंद थांबते, वेगासाठी हा त्याग सहसा सोसण्याजोगा असतो.

इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्ही जाणतो, की नष्ट झालेला दस्तऐवज पुन्हा घडविता येत नाही. म्हणून विद्यार्थ्यांच्या नोंदींसाठी आम्ही ‘ऑर्डर्ड’ हाच पर्याय सुचवितो. त्यासोबत नियमित दुसरी प्रतही ठेवावी. कारण डिस्कच बिघडली, तर कोणतेही जर्नल तिच्यावरील नोंदी वाचवू शकत नाही.